इलियम की इलिआम: साय ट्वॉम्ब्लीच्या ट्रॉयमागची पार्श्वभूमी

अमेरिकी चित्रकार साय ट्वॉम्ब्लीच्या ग्रीक पुराणकथांवरच्या चित्रांबद्दल मराठीत काही लिहायचं म्हटलं की पहिली अडचण नावापाशीच येते. त्याची एक मोठी मालिका आहे, दहा कॅनव्हासची, १९७८ मध्ये पूर्ण झालेली, आता फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात असते, तिचं नाव आपण 'फिफ्टी डेज अ‍ॅट इलियम' असं टाइप करतो आणि पुढे जातो. इलियममधले पन्नास दिवस, इलियम म्हणजे ट्रॉय, झालं. पण मूळ इंग्रजी नावात एक अक्षर मुद्दाम चुकवलेलं आहे आणि देवनागरीत उतरवल्यावर ती चूक दिसतच नाही. मला वाटतं हा चित्रकार समजून घ्यायचा तर त्या अक्षराकडे आधी बघायला हवं, म्हणून या नोंदीत त्याला बाकीच्या गोष्टींपेक्षा बरीच जास्त जागा दिलीय.

ट्रॉयचं युद्ध, हेलन, पॅरिस हे सगळं वाचणाऱ्याला माहीत आहे असं धरून चालतो. एकच गोष्ट आठवून ठेवायची, ती म्हणजे होमरचं 'इलियड' दहा वर्षांच्या युद्धाची गोष्ट सांगत नाही. शेवटच्या वर्षातले साधारण पन्नास दिवस तेवढे सांगतं, ग्रीकांचा सगळ्यात मोठा योद्धा अकिलीस याच्या रागापासून ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याच्या अंत्यसंस्कारापर्यंत. लाकडी घोडा त्यात नाही, अकिलीसच्या टाचेत लागलेला बाण पण त्यात नाही, त्यामुळे या दहा चित्रांत घोडा शोधायला गेलात तर सापडणार नाही. मालिकेच्या नावातले पन्नास दिवस तिथून आलेत.

त्याआधीची अडीच हजार वर्षं थोडक्यात. मातीच्या भांड्यांवरच्या काळ्या-लाल आकृत्यांपासून युरोपातल्या राजवाड्यांच्या छतांपर्यंत ग्रीक कथा रंगवायची म्हणजे माणसं रंगवायची, अंग, हत्यार, घोडा, प्रसंग. लीडा आणि हंस, म्हणजे राणी लीडा आणि हंसाच्या रूपात तिच्यावर चालून आलेला देव झ्यूस, म्हटलं की एक बाई आणि एक हंस दिसणारच. विसाव्या शतकाच्या मध्यावर न्यूयॉर्कमध्ये मोठमोठे अमूर्त कॅनव्हास सुरू झाले तेव्हा मात्र चित्रात गोष्ट सांगणं हेच जुनाट ठरलं, काहींनी पुराणातली नावं शीर्षकात ठेवली पण कॅनव्हासवर नुसता रंग. या दोन टोकांच्या मधे ट्वॉम्ब्ली आला, आणि बराच काळ त्याला दोन्हीकडचे लोक आपला मानत नव्हते.

जन्म १९२८ चा, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या लेक्सिंग्टनचा. 'साय' हे घरात चालत आलेलं टोपणनाव, वडील बेसबॉलमध्ये पिचर होते आणि त्याच नावाच्या एका मोठ्या खेळाडूवरून ते त्यांना पडलं होतं. १९५२-५३ मध्ये एका स्कॉलरशिपवर तो मित्रासोबत इटली आणि उत्तर आफ्रिका फिरून आला, पुढे तो मित्र पण खूप मोठा कलाकार झाला. परत आल्यावर सक्तीची लष्करी नोकरी, आणि तिथे त्याला दिलं काय तर सांकेतिक लिपीचं काम, म्हणजे गुप्त मजकूर अक्षरांत लपवायचा आणि अक्षरांतून काढायचा. सुट्टीच्या दिवशी तो हॉटेलची खोली घ्यायचा आणि अंधारात चित्रं काढायचा. अगदी खरंखुरं, दिवा बंद करून. हाताला शाळेत लागलेली सफाईदार रेघेची सवय मोडावी म्हणून. डोळा बघत नसताना हात काय करतो, हे त्याला बघायचं होतं. त्याच्या कलेला अंतर्मुख म्हणतात त्याची मुळं मला तरी इथे दिसतात, खासगी आयुष्यातल्या घटनांत नाही. त्याने आयुष्यभर मुलाखती फार कमी दिल्या, स्वतःबद्दल बोलणं टाळलं, त्यामुळे प्रत्येक चित्राला त्याच्या आयुष्यातली एखादी गोष्ट चिकटवायचा जो प्रकार चालतो तो मला पटत नाही. त्याचं खासगीपण त्याच्या अक्षरात आहे, म्हणजे हस्ताक्षरात.

१९५७ मध्ये तो रोमला गेला आणि तिथलाच झाला. १९५९ मध्ये तिथल्या एका सरदार घराण्यातल्या मुलीशी लग्न केलं, ती पण चित्रकार. त्याच सुमाराला एका इटालियन मासिकात त्याने छोटं टिपण लिहिलं होतं, त्यात म्हणणं असं की रेघ कशाचं तरी चित्रण करत नाही, रेघ हाच अनुभव आहे आणि तिचा इतिहास तिच्यातच असतो. आता रोममध्ये राहणाऱ्या माणसाने हे म्हणणं म्हणजे वेगळीच गोष्ट आहे, कारण तिथल्या भिंतींवर दोन हजार वर्षं लोक नावं कोरतायत, खरवडतायत, परत कोरतायत. समीक्षकांनी लगेच त्याच्यावर ग्राफिटीचा शिक्का मारला आणि तो आजपर्यंत निघालेला नाही. त्याला स्वतःला तो शब्द आवडायचा नाही. ग्राफिटीत बहुतेक वेळा निषेध असतो, माझी रेघ तशी नाही, ती भावगीतासारखी आहे, असं साधारण त्याचं म्हणणं होतं.

१९६० ते ६२ ही वर्षं बघा. गॅलेटिआ, व्हीनसचा जन्म, लीडा आणि हंस, अकिलीसचा सूड, जिवलग मित्र पॅट्रोक्लसच्या मृत्यूवर शोक करणारा अकिलीस, सगळं याच तीनेक वर्षांत. न्यूयॉर्कच्या संग्रहालयात असलेलं १९६२ चं 'लीडा' मी उदाहरण म्हणून घेतो. त्यात लीडा नाही आणि हंसही नाही. मधोमध एक प्रचंड झटापट आहे, पेन्सिलीचे फराटे, क्रेयॉन, बोटांनी फासलेला रंग, मधेच पत्त्यांतल्या बदामासारखे हृदयाचे आकार, पिसांसारखं काहीतरी, आणि उजवीकडे वर शांतपणे आखलेली एक छोटी खिडकी. बळजबरीची गोष्ट आहे ती, आणि जुन्या चित्रांत ती सुंदर बाई आणि डौलदार पक्षी म्हणून इतकी देखणी करून ठेवली होती की त्यातली हिंसा कुणाला जाणवेनाशी झाली होती. इथे देखणं काही उरलेलंच नाही. ज्याला हे पोराने केलेला गिरगटा वाटतो त्याने ती खिडकी नीट बघावी, मग कळतं की सगळं किती विचार करून ठेवलंय.

मग १९६४ आलं. आदल्या वर्षी रोममध्ये त्याने कॉमोडस या क्रूर रोमन सम्राटावर नऊ चित्रं केली होती, करड्या रंगावर पांढऱ्या-लाल रंगाचे गोळे, शेवटाकडे जाता जाता जखमेसारखे फुटत जाणारे. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाची हत्या नुकतीच झालेली, ती चित्रं त्या हिवाळ्यातलीच. न्यूयॉर्कच्या गॅलरीत ती लागली आणि आपटली. त्या वेळच्या एका नामांकित शिल्पकाराने, जो परीक्षणंही लिहायचा, सरळ 'फियास्को', म्हणजे पुरता फज्जा, हा शब्द वापरला. न्यूयॉर्कला तेव्हा डबे, कॉमिक्स, चकचकीत पृष्ठभाग, सरळ धातूच्या पेट्या हव्या होत्या, रोममध्ये बसून सम्राटांची आणि देवांची नावं खरडणारा माणूस नको होता. चित्रं परत गेली. हीच नऊ चित्रं २००७ मध्ये स्पेनमधल्या बिल्बाओच्या संग्रहालयाने विकत घेतली. चाळीसहून जास्त वर्षं लागली.

या आपटीनंतर काही काळ पुराणकथा मागे पडल्या. १९६६ पासून चारपाच वर्षं करड्या पाटीसारखे कॅनव्हास आणि त्यावर पांढऱ्या खडूसारख्या क्रेयॉनने ओळीमागून ओळ वेटोळी, अमेरिकेतल्या शाळांत वळणदार अक्षरासाठी मुलांकडून जी वेटोळी गिरवून घ्यायचे तशी. आपल्याकडे कित्ता गिरवणे म्हणतात तेच. अक्षर होण्याच्या आधीची हाताची हालचाल, फक्त ती. ज्यांनी १९६४ मध्ये नाकं मुरडली होती त्यातल्या बऱ्याच जणांना ही चित्रं आवडली, कारण त्यात देव नव्हते. पण मी याला माघार मानत नाही. पुढे ट्रॉयवर जे आलं त्याची ही हाताची तालीम होती असं मला ठामपणे वाटतं.

आता इलिआम. १९७७ आणि ७८ चे उन्हाळे त्याने रोमच्या उत्तरेला बसानो इन तेवेरिना नावाच्या डोंगरी गावातल्या घरात काढले आणि तिथे हे दहा कॅनव्हास झाले. हाताशी 'इलियड'चं अठराव्या शतकातलं एक प्रसिद्ध इंग्रजी पद्य भाषांतर. दहातलं एक, अकिलीसची ढाल, बाहेरच्या छोट्या दालनात लागतं, आत बाकीची नऊ. एका बाजूला ग्रीक, दुसऱ्या बाजूला ट्रॉयवाले, आणि समोरच्या भिंतीवर मधोमध अकिलीस, पॅट्रोक्लस आणि हेक्टर यांच्या छाया, तीन ढगांसारखे गोळे, एक लालभडक, बाकीचे दोन विझत गेलेले. ग्रीक बाजू तापलेली आहे, लाल, टोकदार, धावणारी, ट्रॉयची बाजू थंड, फिकट, जणू आपलं काय होणार हे आधीच माहीत असलेली. माणूस एकही नाही. नावं आहेत. योद्ध्यांची, देवांची, खडबडीत मोठ्या अक्षरांत, काही खोडलेली, काही रंगाखाली अर्धी बुडालेली. आपल्याकडे वहीत रामनाम लिहिणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिलीत, तिथे नाव म्हणजे माहिती नसते, नाव लिहिणं हीच कृती असते. ट्वॉम्ब्लीचा धर्म वेगळा, हेतू वेगळा, पण नाव लिहिण्यातला हा जोर मराठी माणसाला समजावून सांगावा लागू नये. एका फ्रेंच विचारवंताने १९७९ मध्ये त्याच्यावर लिहिताना हेच पकडलं होतं, की हा माणूस कॅनव्हासवर व्हर्जिल असं नाव लिहितो तेव्हा त्या कवीचं अख्खं जग मुठीत घेऊन लिहितो.

आणि शीर्षक. इलियमचं लॅटिनवरून आलेलं इंग्रजी स्पेलिंग घ्या, Ilium, त्यात शेवटच्या एमच्या आधी यू असतो. ट्वॉम्ब्लीने यू काढून तिथे ए घातला, Iliam. बरीच वर्षं काहींनी ती नजरचूक समजून सोडून दिली असेल, कारण त्याच्या चित्रांत शब्द तसेही मोडकेतोडके असतात. पण २००० साली एका इंग्रज समीक्षकाला दिलेल्या मुलाखतीत त्याने स्वतः सांगितलं, की हे स्पेलिंग बरोबर नाही, मला माहीत आहे, पण मला तिथे ए हवा होता, अकिलीसचा ए. ए म्हटलं की मला नेहमी अकिलीसच आठवतो, असंही.

हे वाचून 'बरं, गंमत आहे' म्हणून सोडून देता येतं, पण १९६२ चं 'अकिलीसचा सूड' बघा, झ्युरिकला आहे, तीन मीटर उंच उभा कॅनव्हास. त्यात काय आहे? दोन पाय रोवून उभा असलेला एक प्रचंड ए, पेन्सिलीच्या शेकडो रेघांनी वर वर चढत गेलेला, आणि अगदी टोकाला रक्त. अक्षर तेच, भाला तोच, अकिलीस तोच. म्हणजे सोळा वर्षं हे अक्षर त्याच्या डोक्यात होतं, आणि ट्रॉयची मालिका करताना त्याने काय केलं तर शत्रूच्या शहराच्या नावातच अकिलीसला घुसवलं. होमरमध्ये अकिलीस ट्रॉय जिंकत नाही, शहर पडताना गोष्टीत दिसतच नाही. इथे मात्र तो नावातून आत शिरलाय, भाल्याच्या टोकासकट. शीर्षकाचं स्पेलिंग हे मालिकेचं अकरावं चित्र आहे असं मी म्हणेन.

आता आपली अडचण. इंग्रजीत हा शब्द मोठ्याने वाचला तर यू असो की ए, दोन्ही जवळजवळ सारखेच ऐकू येतात. म्हणजे ही चूक कानाला कळत नाही, फक्त डोळ्याला कळते, आणि म्हणूनच ती चित्रकाराची चूक आहे, कवीची नव्हे. देवनागरी उच्चाराप्रमाणे लिहायची लिपी, शिवाय आपल्या व्यंजनात अ आधीच मुरलेला, वेगळा लिहावा लागत नाही. त्यामुळे 'इलियम' लिहिलं की बदललेलं अक्षर त्या 'य'च्या पोटात जातं आणि कुणाला पत्ता लागत नाही. काहीजण म्हणतात की उच्चार तोच तर लिपीही तीच ठेवा, उगाच शब्द वाकवू नका, आणि व्याकरणाच्या हिशोबाने त्यांचं बरोबर आहे. पण मी 'इलिआम' लिहितो. कानाला ते किंचित चुकीचं वाटतं, आणि वाटायलाच हवं, कारण मूळ शब्द बघणाऱ्याला पण तो चुकीचाच वाटायला हवा होता. एक भरपाई आहे की अकिलीसचं नाव आपल्याकडे पण अ पासूनच सुरू होतं. मात्र भाला गेला. रोमन ए जमिनीवर पाय रोवून वर टोक काढतो, आपला अ शिरोरेषेला लटकतो, त्याला वर टोकच नाही. मराठीत या मालिकेवर लिहिणाऱ्याने निदान एकदा थांबून हे सांगावं एवढंच म्हणणं आहे, नाहीतर वाचणाऱ्याच्या हातात नुसतं एका शहराचं नाव पडतं.

१९७८ मध्ये न्यूयॉर्कला ही मालिका लागली तेव्हाही फार गाजावाजा झाला नाही. १९८९ मध्ये फिलाडेल्फियाच्या संग्रहालयाने दहाही एकत्र घेतली, आणि मला हा निर्णय फार महत्त्वाचा वाटतो, कारण ती सुटी सुटी विकली गेली असती तर ग्रीक भिंतीसमोर ट्रॉयची भिंत हे सगळं नातंच संपलं असतं. पुढे १९९५ मध्ये ह्यूस्टनला फक्त त्याच्यासाठी एक स्वतंत्र इमारत उभी राहिली.

त्यानंतरचं सगळं बहुतेकांना बातम्यांमधून माहीत असतं, किमतींमुळे. करड्या पाट्यांपैकी एक २०१५ मध्ये ७ कोटी डॉलर्सच्या वर गेली, 'लीडा'ची एक आवृत्ती २०१७ मध्ये ५ कोटी २० लाखांच्या पुढे. मला यात रस नाही, पण १९६४ च्या त्या परत गेलेल्या खोक्यांशेजारी हे आकडे ठेवले की काळ कसा फिरतो ते दिसतं. त्यापेक्षा २००५ ची 'बॅकस' चित्रं जास्त महत्त्वाची. वय सत्त्याहत्तर, ब्रश लांब काठीला बांधलेला, आणि भिंतीएवढ्या कॅनव्हासवर लाल वेटोळी, रंग ओघळत खाली आलेला. बॅकस म्हणजे द्राक्षारसाचा देव, आनंदाचा आणि वेड लावणाराही, त्यामुळे तो लाल रंग दारूचा की रक्ताचा हे ठरवता येत नाही. इराकचं युद्ध तेव्हा चालू होतं आणि अनेकांनी ही चित्रं त्या युद्धाशी जोडून वाचली. मला त्यात शाळेतला कित्ताच परत दिसतो, तीच वेटोळी, फक्त आता खडूची नाहीत.

२००७ मध्ये फ्रान्समधल्या अ‍ॅव्हिन्यॉनला एका बाईंनी लिपस्टिक लावलेल्या ओठांनी त्याच्या एका पांढऱ्या कॅनव्हासचं चुंबन घेतलं. प्लेटोच्या प्रेमावरच्या संवादाचं नाव असलेलं काम होतं ते. प्रेमाने केलं, असं त्यांचं म्हणणं. कोर्टाने १०० तास समाजसेवा सांगितली आणि चित्रकाराला भरपाई म्हणून नाममात्र १ युरो. डाग पडला तो पडलाच. ज्यांना हे रोमँटिक वाटलं त्यांच्याशी मी सहमत नाही. कोरी जागा दिसली म्हणजे ती आपल्यासाठी ठेवलेली आहे असं नसतं, त्याच्या चित्रांत तर नक्कीच नसतं.

वाद खरा पेटला तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात. तिथल्या प्राचीन ब्राँझच्या दालनाचं छत त्याने केलं, २०१० मध्ये खुलं झालं, सुमारे ३५० चौरस मीटर. गडद निळं आकाश, कडेने तरंगणाऱ्या ढालींसारख्या चकत्या, आणि फिदियास, प्रॅक्सिटेलीस, मायरन वगैरे ग्रीक शिल्पकारांची नावं ग्रीक अक्षरांत. परत नावंच. देवांची नाहीत, हातांनी काम करणाऱ्यांची. मला हे त्याच्या सगळ्या पुराणचित्रांचं पुढचं पाऊल वाटतं, आधी लढणाऱ्यांची नावं लिहिली, आता घडवणाऱ्यांची. पुढच्याच वर्षी, जुलै २०११ मध्ये, तो रोममध्ये वारला.

दहा वर्षांनी, २०२१ मध्ये, दालनाचं नूतनीकरण झालं आणि भिंती गडद लाल केल्या. छताला कुणी हात लावला नव्हता, आणि संग्रहालयाची बाजू पण तीच, की कलाकृती म्हणजे छत, भिंती आमच्या. चित्रकाराचा वारसा सांभाळणारी संस्था कोर्टात गेली. तिचं म्हणणं की निळा ज्या फिकट, दगडी भिंतींसाठी ठरवला होता त्या भिंतीच गेल्या तर छतही बदललं. कायद्याने कोण बरोबर हे सांगणं अवघड, कारण संग्रहालयं दर काही वर्षांनी रंग बदलतातच आणि ब्राँझ लाल भिंतीवर उठून दिसतं हेही खरं. पण एका अक्षराच्या जागी दुसरं घालायला ज्याने सोळा वर्षं घेतली त्याच्या निळ्याखाली न विचारता लाल आणून ठेवायचा, हे मला अजिबात मान्य नाही. त्याच्याकडे लाल म्हणजे अकिलीस, आग, बॅकस. त्या छतावर त्याने युद्ध नेलंच नव्हतं.

शेवटी कोर्टाबाहेर समेट झाला आणि संग्रहालयाने भिंतींचा रंग बदलायचं मान्य केलं.